स्मरण कोणी करायचं?

चाळीस वर्षं रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणणारी बाई एके दिवशी मधेच अडखळते. काही महिन्यांनी तिला स्वतःच्याच घरात देवघर सापडत नाही, आणि पुढे कधीतरी ती पोटच्या लेकीला ‘तुम्ही कोणाच्या?’ असं विचारते. अशा घरात औषधपाण्याची चर्चा मोठ्यानं होते, पण एक प्रश्न हलक्या आवाजात विचारला जातो: जिनं जन्मभर नाम घेतलं तिला शेवटी नामच आठवेना, तर त्या सगळ्या साधनेचं काय झालं? हा प्रश्न भाबडा नाही. गीतेच्या आठव्या अध्यायात सांगितलं आहे की अंतकाळी माणूस ज्याचं स्मरण करत देह ठेवतो, त्या गतीला तो जातो. म्हणून सर्वकाळ स्मरण कर. कीर्तनकारांपासून घरातल्या आजीपर्यंत सगळ्यांनी याच आधारावर सांगितलं की आत्तापासून जिभेला सवय लावा, म्हणजे शेवटच्या घटकेला नाम आपोआप ओठांवर येईल. पण ज्या आजारात सवयच हळूहळू पुसली जाते, त्या आजारापुढे हा हिशेब जुळत नाही. मग एक तर ती बाई देवाच्या दारातून परत पाठवली गेली असं म्हणावं लागतं, नाहीतर स्मरण म्हणजे काय आणि ते कोणी करायचं असतं, याचा पुन्हा विचार करावा लागतो. मला दुसरा मार्ग खरा वाटतो, आणि तो मार्ग आपल्या वऱ्हाडात एका साध्या गोधडीपर्यंत कसा जातो ते या लेखात मांडायचं आहे.

प्रश्न थोड्या घरांपुरता नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना डिमेन्शिया आहे. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये आणि शहरांपेक्षा खेड्यांमध्ये त्याचं प्रमाण जास्त आढळलं. म्हणजे ज्यांच्याजवळ डॉक्टर कमी, पैसा कमी आणि कामाला गेलेली मुलं पुण्या-मुंबईला, त्यांच्याच वाट्याला हा आजार अधिक आला आहे. अकोला-अमरावतीच्या गावांमध्ये मात्र त्याला आजार म्हणतच नाहीत. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून मोकळे होतात. आणि ज्यांना मराठीत शास्त्रीय नाव हवं असतं ते ‘स्मृतिभ्रंश’ म्हणतात. हा शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायात येतो, पण तिथे तो क्रोधातून मोह, मोहातून स्मृतिभ्रंश आणि त्यातून बुद्धिनाश अशा घसरणीची एक पायरी म्हणून येतो. तिथे तो नैतिक पतनाचा शब्द आहे. मेंदूच्या पेशी झिजण्याला आपण तोच शब्द लावला, आणि नकळत रोग्याच्या माथी दोषही लावला. नावापासूनच सुरू होणारा हा अन्याय आधी लक्षात घ्यायला हवा.

मेंदूत नेमकं काय होतं? जर्मनीतल्या फ्रँकफर्टला १९०१ मध्ये आलोइस अल्झायमर या डॉक्टरांपुढे एक पन्नाशीची रुग्ण बाई आली. स्वतःचं नाव लिहिताना ती मधेच थांबे. १९०६ मध्ये तिच्या मृत्यूनंतर त्यांनी तिच्या मेंदूत जे गुंते आणि साठे पाहिले, त्यांवरून या आजाराची ओळख झाली. तो पहिला घाव घालतो तो नव्या घटनांची नोंद ठेवणाऱ्या भागावर. सकाळी काय जेवलो, पाहुणा कोण आला, हे आधी जातं. पण स्मृती हा एकच कप्पा नाही. जिनिव्हाच्या एदुआर क्लापारेद यांनी १९११ मध्ये एका रुग्ण बाईची हकिकत नोंदवली. तिला डॉक्टर रोज नवे वाटत. एकदा त्यांनी बोटांत टाचणी लपवून तिच्याशी हात मिळवला. नंतर तिला ते काहीच आठवत नव्हतं, तरी त्यांनी हात पुढे करताच तिनं आपला हात मागे घेतला. पुढे ब्रेंडा मिल्नर यांनी, १९५३ च्या मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर नवं काही लक्षात ठेवू न शकणाऱ्या एका तरुणाला आरशात पाहून चांदणी गिरवायला लावली. ‘हे मी कधीच केलेलं नाही’ असं तो दर वेळी म्हणे, आणि दर वेळी त्याचा हात आदल्या दिवसापेक्षा सफाईनं चाले. या दोघांचा आजार अल्झायमरचा नव्हता. पण माणूस जे विसरतो ते त्याचा हात जपून ठेवू शकतो, हे त्यांनी दाखवलं. अल्झायमरमध्येही हाताच्या सवयी, चाल, ताल या गोष्टी पुष्कळदा नावांच्या आणि तारखांच्या मागे बराच काळ टिकतात. म्हणूनच नातवाचं नाव विसरलेल्या माणसासमोर खंजिरी वाजली तर बोटं मांडीवर ठेका धरतात.

तेच हात आजार वाढल्यावर अस्वस्थ होतात. पदर चुरगाळणं, चादरीचे धागे उपसणं, गुंडी काढून पुन्हा लावणं, नाकातली नळी ओढणं हे तासन्‌तास चालतं, आणि दिवस मावळताना वाढतं. अंथरूण चिवडणाऱ्या हातांची नोंद हिपोक्रेटिसच्या ग्रंथातही आहे. तिथे ते गंभीर आजारातलं अशुभ चिन्ह मानलं आहे. आजही अशा हातांवर बहुतेक वेळा दोनच उपाय होतात: ते बांधायचे, नाहीतर गुंगीचं औषध द्यायचं. अशा वृद्धांना मनोविकारांवरची काही औषधं दिल्यास मृत्यूचा धोका वाढतो, असा कडक इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २००५ मध्येच दिला. या दोन उपायांच्या मधे तिसरा उपाय काही स्वयंसेवकांनी सुईदोऱ्यानं शोधला. इंग्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इथल्या शिवणाऱ्या-विणणाऱ्या मंडळांनी मांडीवर मावतील एवढ्या गोधड्या शिवून रुग्णालयांना आणि वृद्धाश्रमांना द्यायला सुरुवात केली. त्यांना तिकडे ‘फिजेट क्विल्ट’ म्हणतात. तिच्यावर मखमल असते, खरखरीत तागाचा तुकडा असतो, चेन, नाडी, काजं, खिसा असतो. हात गप्प करण्याऐवजी हातांना काम देणं, एवढाच तिचा विचार आहे; आणि तो विचार मला फार मोठा वाटतो.

आता हीच गोष्ट अकोल्यात आणून पाहू. इथे गोधडी परकी नाही. ती आहे म्हणूनच कोणाला तिचं विशेष वाटत नाही. मऊ झालेलं लुगडं खाली, दुसरं वर, मधे फाटक्या धोतराचे आणि परकराचे थर, आणि कडेपासून आत आत जाणारा धावदोरा, ही विद्या इथल्या हातांना शिकवावी लागत नाही. आजारी बाईसाठी गोधडी करायची तर तिच्या आयुष्याला विचारून करावी लागेल. जिचं आयुष्य कापूस वेचण्यात गेलं, तिच्या हातांची बोटं अजूनही बोंडातून कापूस ओढून कमरेच्या ओटीत टाकण्याची हालचाल करतात. तिच्या गोधडीला उघड्या तोंडाचा ओटीसारखा खिसा हवा, आणि शेजारी चारही बाजूंनी घट्ट शिवलेल्या पातळ कापडात सरकीसकट कापूस हवा, म्हणजे बोटांना आतली सरकी चाचपता येईल. जिनं दर श्रावणात वाती वळल्या, तिच्यासाठी मऊ सुताची जाड पेड असलेली पट्टी असावी. ती तळव्यावर फिरवताना हात वात वळतात. शेतकऱ्यासाठी पोळ्याच्या झुलीचा गोंडा आणि कासऱ्यासारखा विणलेला, दोन्ही टोकांना शिवून टाकलेला दोर. कारकुनासाठी सदऱ्याची गुंडीपट्टी आणि छातीचा खिसा. तसबीहचे मणी ओढणाऱ्या हातासाठी पक्क्या दोऱ्यात ओवून कापडावर टाचलेली मण्यांची रांग. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा जाड थरांची गोधडी कोणी मांडीवर ठेवणार नाही. म्हणून ती दोनच थरांची, सुती, दीड-दोन फुटांची हवी. या तपशिलांना मी सजावट मानत नाही. प्रत्येक तुकडा म्हणजे ‘तू कोण होतीस ते आम्हाला माहीत आहे’ असं कापडातून म्हणणं आहे.

इथे तत्त्वज्ञानाचा खरा प्रश्न उभा राहतो. ‘तू कोण होतीस’ म्हणायचं की ‘तू कोण आहेस’ म्हणायचं? सतराव्या शतकात जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञानं माणसाची ओळख त्याच्या स्मृतीशी आणि जाणिवेशी बांधली: मागच्या कृती जेवढ्या ‘माझ्या’ म्हणून जाणिवेत येतात, तेवढाच मी. हे मान्य केलं तर स्मृती गेलेली बाई ही ती बाईच उरत नाही, आणि घरात बसलेलं ते शरीर कोणाचं, हा प्रश्न पडतो. आपल्या दर्शनांनी स्मृतीला इतकं वरचं आसन दिलेलं नाही. पतंजलींच्या योगसूत्रांत स्मृती ही चित्ताच्या पाच वृत्तींपैकी एक वृत्ती आहे, निद्रेच्या पंगतीला बसणारी. पाहणारा तिच्याहून वेगळा. न्यायसूत्रं आत्म्याच्या बाजूनं युक्तिवाद करताना म्हणतात की जे डोळ्यांनी पाहिलं तेच हातानं स्पर्शिल्यावर ओळखू येतं, म्हणून पाहणारा आणि स्पर्श करणारा एकच असला पाहिजे. ओळखीचा पुरावा देताना स्पर्शाची साक्ष काढणारा हा विचार मला या आजाराच्या फार जवळचा वाटतो. तरीही केवळ ‘आत्मा अविनाशी आहे’ एवढं म्हणून भागत नाही. ते वाक्य खरं असूनही थंड असू शकतं. आत्मा अमर आहे म्हणणारं घरच म्हातारीला मागच्या खोलीत ठेवून दार लावू शकतं. इंग्लंडच्या टॉम किटवुड यांनी १९९७ च्या आपल्या पुस्तकात इथेच बोट ठेवलं: माणूसपण हे नात्यांतून एकमेकांना दिलं जाणारं स्थान आहे, आणि डिमेन्शियाच्या रुग्णाची पुष्कळ पडझड मेंदूबरोबरच भोवतालच्या वागणुकीनंही होते. त्याच्यादेखत त्याच्याविषयी तिसऱ्या पुरुषात बोलणं, त्याला दटावणं, टाळणं, या गोष्टी रोगाच्या वेगात भर घालतात.

आता सुरुवातीच्या धार्मिक प्रश्नाकडे वळू. गीता फक्त आठव्या अध्यायावर थांबत नाही. पंधराव्या अध्यायात भगवंत म्हणतात की मी सर्वांच्या हृदयात आहे, आणि स्मृती, ज्ञान व त्यांचं नाहीसं होणंही माझ्यापासूनच आहे. म्हणजे विसरणारी बाई देवाच्या कक्षेबाहेर गेलेली नाही. तिचं विसरणंही त्याच्याच हद्दीत घडतं आहे. आणि अठराव्या अध्यायाच्या शेवटी अर्जुन म्हणतो की तुझ्या प्रसादानं मला स्मृती मिळाली. युद्धभूमीवर ज्याचं भान हरपलं होतं त्याला ते स्वतःच्या जोरावर परत मिळालं नाही. शेजारी बसलेल्या सारथ्यानं त्याच्यासाठी ते धरून ठेवलं होतं. श्रीवैष्णव परंपरेनं तर हा विचार थेट आपल्या विषयापर्यंत नेला. वराहावताराच्या तोंडी तिथे असं आश्वासन आहे की शरीर-मन धड असताना ज्यानं माझं स्मरण केलं, तो शेवटी लाकडासारखा, दगडासारखा पडला तर त्याचं स्मरण मी करीन आणि त्याला परम गतीला नेईन. या एका आश्वासनानं सगळा हिशेब उलटा होतो. शेवटच्या घटकेला स्मरणाची जबाबदारी भक्तावर राहत नाही, देवावर जाते. आणि देवाचं काम या जगात माणसांच्याच हातून व्हायचं असेल, तर ती जबाबदारी शेजारी बसलेल्यांवर येते. माझं म्हणणं नेमकं हे आहे: ज्याची आठवण हरवली, त्याच्या वतीनं आठवण ठेवणं हा इतरांचा धर्म आहे, आणि त्याला शब्द पोहोचत नसतील तर ती आठवण त्याच्या हातापर्यंत पोहोचवणं हेही त्याच धर्मात येतं.

ही कल्पना वऱ्हाडाला बाहेरून आणावी लागत नाही. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर हे महानुभावांचं तीर्थ. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर त्यांच्या शिष्यांपुढे हाच प्रश्न होता: जे गेलं ते कसं धरायचं? म्हाइंभटांनी स्वामींच्या लीळा ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांना गाठून, विचारून, नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या, आणि तेराव्या शतकात लीळाचरित्र उभं राहिलं. मूळ पोथी नाहीशी झाल्यावर अनुयायांनी पाठांतरातून ते पुन्हा उभं केलं, असं परंपरा सांगते. मराठीचा हा आद्य गद्यग्रंथ असा अनेकांच्या आठवणींची ठिगळं जोडून झालेला आहे. एकाला जे आठवलं नाही ते दुसऱ्यानं पुरवलं. त्याच पंथात अवतारांनी वापरलेल्या आणि स्पर्शलेल्या वस्तू, वस्त्रांचे तुकडेसुद्धा, प्रसाद म्हणून जपले जातात, कारण स्पर्शातून संबंध टिकतो अशी श्रद्धा आहे. आणि याच पंथानं अवतार मानलेले रिद्धपूरचे गोविंदप्रभू? त्यांच्या चरित्रात ते दुकानातलं उचलून खातात, वस्तूंशी आणि मूर्तींशी खेळतात, मन मानेल तिथे हिंडतात. लोक त्यांना वेडे म्हणत, आणि त्यांनाच आई-बाप मानत. पंथाच्या दृष्टीनं ते वेड ईश्वरी होतं, आजार नव्हे, आणि ही दोन टोकं मी एक करत नाही. मला दिसतं ते गाव. रीत सोडून वागणाऱ्या माणसाला त्या गावानं कोंडून ठेवलं नाही; त्याला आपल्या दारांतून आणि स्वयंपाकघरांतून वावरू दिलं. सातशे वर्षांपूर्वी वऱ्हाडातल्या एका गावाला जे जमलं, ते आज आपल्याला अशक्य वाटावं असं काही त्यात नाही.

गोधडीलाही इथे धर्माचा इतिहास आहे. बौद्ध भिक्षूंचं चीवर तुकडे जोडून शिवलेलं असतं. मगधातली बांधांनी आखलेली भातशेतं पाहून बुद्धांनी आनंदाला तशी ठेवण सुचवली, असं विनयपिटकात आहे. नाथपंथीयांची कंथा ठिगळांची, सूफी फकिरांची गुदडी ठिगळांची. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेले आणि अकोला जिल्ह्यातल्या दापुऱ्याला मामाच्या घरी वाढलेले डेबूजी, म्हणजे आपले गाडगेबाबा, अंगावर चिंध्यांचं वस्त्र घालत म्हणून लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. ठिगळाचं वस्त्र सगळीकडे ‘मी’ सोडल्याची खूण आहे. इथे एका मोहापासून सावध राहायला हवं. संन्याशानं ‘मी’ स्वतःहून सोडलेला असतो. आजारी माणसाकडून तो ओरबाडून घेतलेला असतो. त्याच्या भीतीला, रात्रीच्या रडण्याला अध्यात्माचं नाव देणं ही क्रूरता होईल. पण ठिगळाची दुसरी शिकवणही आहे, आणि ती इथे लागू पडते: फाटलं म्हणून कापड फेकायचं नसतं, दुसऱ्याच्या कापडाशी जोडून ते धरायचं असतं. गाडगेबाबांनी भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, रोग्याला औषध यातच देव सांगितला. त्यांनी बांधलेल्या धर्मशाळा याच शिकवणीच्या भिंती आहेत.

या म्हणण्यावर पहिला आक्षेप शास्त्रातूनच येईल. पंधराव्या अध्यायातल्या त्याच श्लोकावर भाष्य करताना शंकराचार्यांनी स्मृती-ज्ञान नाहीसं होणं पापकर्माशी जोडलं आहे. म्हणजे हे कर्माचंच फळ नाही का? आचार्यांचा अधिकार मोठा आहे, म्हणून उत्तर टाळता येत नाही. पहिली गोष्ट अशी की तिथे विषय ईश्वराच्या सर्वांतर्यामी असण्याचा आहे, मेंदूच्या रोगनिदानाचा नाही. दुसरी अशी की कर्मसिद्धान्त मानला तरी दुसऱ्याच्या कर्माची वही वाचण्याचा हक्क तो कोणालाच देत नाही. तो मला माझ्या पुढच्या कृतीबद्दल जबाबदार धरतो. समोरच्याच्या दुःखाचा निकाल लावायला बसवत नाही. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये तपोवनात जगदंबा कुष्ठनिवास उभारला, तेव्हाही कुष्ठरोगाला लोक पापाचंच फळ म्हणत होते. त्या रोगात कातडीची संवेदना जाते, आणि समाज त्यावर आपला स्पर्शही काढून घेतो. ज्यांनी तो स्पर्श परत दिला त्यांनी धर्माची बाजू धरली, हे आज आपण बिनतक्रार मानतो. डिमेन्शियाच्या बाबतीत तेच मानायला आणखी ऐंशी वर्षं लावू नयेत.

दुसरा आक्षेप प्रतिष्ठेचा आहे, आणि तो मला सगळ्यांत वजनदार वाटतो. ज्यानं संसार ओढला, शेती केली, मुलं शिकवली, त्याच्या मांडीवर चेन आणि गुंड्यांचं कापड ठेवणं म्हणजे त्याला लहान मूल करणं नाही का? होय, तसं होऊ शकतं. बाजारातलं भडक, सशा-मांजरांच्या चित्रांचं कापड आणून एका साच्यातल्या पन्नास गोधड्या वाटल्या, तर तो अपमानच होईल. म्हणून शिवण्याआधी विचारणं हा या कामाचा प्राण आहे: माहेर कुठलं, हात कशात रमायचे, लग्नातलं पातळ कोणत्या रंगाचं, घरात कुठली फुलं. त्यांच्याच लुगड्याचा काठ, त्यांच्याच शेल्याचा तुकडा वापरला, तर ते खेळणं राहत नाही, घरातली ओळखीची वस्तू होते. आणि कामात गुंतलेले हात हे कधीच बालिशपणाचं लक्षण नव्हते. माळ ओढणाऱ्या म्हाताऱ्याला आपण मूल म्हणत नाही. ज्याला ती नको असेल त्यानं ती बाजूला सारली, तर तेही त्याचं उत्तर मानून गोधडी उचलून ठेवायची. नकार देता येणं हीसुद्धा प्रतिष्ठाच आहे.

तिसरा आक्षेप विज्ञानाचा: याचा पुरावा किती? खरं उत्तर असं की अशा गोधड्यांवरचे अभ्यास मोजके आणि लहान आहेत. त्या आजार थांबवत नाहीत, उलटवत नाहीत, आणि प्रत्येकाला शांतही करत नाहीत. अस्वस्थतेमागे दुखणं, बद्धकोष्ठ, लघवीचा संसर्ग, तहान असू शकते. ती आधी डॉक्टरांनी शोधायला हवी. दुखणाऱ्या हाताला गोधडी देऊन गप्प करणं ही सेवा नव्हे. पण उपायाचा धोका त्याच्या पुराव्याशेजारी ठेवून तोलायचा असतो. बांधलेल्या मनगटाचे आणि गुंगीच्या गोळीचे धोके आपल्याला ठाऊक आहेत. पक्क्या शिवलेल्या कापडाचे धोके थोडे आहेत आणि काळजी घेतली तर टळतात. सुटी होणारी गुंडी गिळली जाऊ शकते, लांब नाडी गळ्याभोवती जाऊ शकते, टाचणी विसरली तर टोचते, एकाची गोधडी दुसऱ्याला दिली तर रुग्णालयात संसर्ग पसरतो. म्हणून प्रत्येक गुंडी ओढून पाहायची, नाडी वीतभरापेक्षा मोठी ठेवायची नाही, कापड गरम पाण्यात धुता येईल असं घ्यायचं, आणि गोधडी ज्याची त्याचीच ठेवायची. शिवाय मोजमाप फक्त रुग्णाच्या चुळबुळीचं करून चालणार नाही. पंधरा मिनिटं सून किंवा लेक त्याच्या शेजारी बसली, त्याच्या बोटांखालच्या काठाकडे पाहून काही बोलली, हा बदलही उपचाराच्या हिशेबात धरायला हवा.

चौथा आक्षेप न्यायाचा आहे. सेवेच्या नावानं शेवटी बायकांच्याच हाती सुई येते. सासूची शुश्रूषा सुनेनं करायची, गोधडीही तिनंच शिवायची, आणि सरकारनं मोकळं राहायचं. हे खरंच घडतं, आणि गोधडीच्या कौतुकात ते झाकलं जाऊ नये. जिल्हा रुग्णालयात स्मृतिचिकित्सेची सोय, तालुक्याला एखादं दिवसभराचं निवारा केंद्र, आशा कार्यकर्तीला या आजाराचं प्रशिक्षण, या मागण्या गोधडीमुळे कमी होत नाहीत. उलट ज्या मंडळानं दहा घरांसाठी गोधड्या शिवल्या, त्याच्याजवळ त्या दहा घरांची खरी हकिकत असते, आणि तीच मागणीला बळ देते. सुईबद्दल म्हणाल तर ती बायकांचीच नाही. वऱ्हाडातल्या गावोगावच्या शिंप्यांनी मशीनवर हयात घालवली आहे, भजनी मंडळात पुरुष संध्याकाळी जमतातच, आणि गाडगेबाबांनी स्वतः खराटा हाती घेऊन झाडणं पुरुषाला कमीपणाचं नाही हे दाखवून दिलं. आणि शुश्रूषा करणारीला गोधडीइतकीच एका दुपारच्या झोपेची गरज असते. शिवणाऱ्यांनी गोधडी नेऊन द्यावी आणि त्या घरातल्या बाईला दोन तास मोकळे करून द्यावेत. नाहीतर सेवा अर्धीच झाली.

आता ज्या प्रश्नानं सुरुवात केली त्याचं उत्तर सरळ देतो. हरिपाठ विसरलेल्या बाईची साधना वाया गेली नाही. तिनं चाळीस वर्षं स्मरण केलं. आता तिचं स्मरण करण्याची पाळी इतरांची आहे. देव ते करतो असं ज्यांना वाटतं त्यांनी देवाचे हात व्हावं, आणि ज्यांना देव मान्य नाही त्यांनाही माणसाचे हात आहेतच. त्यासाठी मोठ्या निधीची किंवा संस्थेची वाट पाहायला नको. महिला बचत गट, भजनी मंडळ, बुद्धविहारात जमणाऱ्या बाया, मोहल्ल्यातल्या शिवणाऱ्या मुली, कोणीही महिन्याला एक गोधडी करू शकतं. घरातली जुनी पेटी उघडा. ज्याच्यासाठी शिवायचं त्याच्या आयुष्याबद्दल घरच्यांना विचारा, आणि त्यालाही विचारा, उत्तर आलं नाही तरी. काठ त्याच्याच कापडाचा लावा, गुंड्या घट्ट शिवा, धावदोरा कडेपर्यंत न्या. आणि गोधडी मांडीवर ठेवून लगेच उठू नका. त्याचा हात काठावरून फिरेपर्यंत शेजारी बसा.